भोजपूर : पुरे न झालेले शिवमंदिर

भोजपूरचे शिवमंदिर अकराव्या शतकातले, परमार राजा भोज याच्या काळातले आहे. मध्य प्रदेशातल्या रायसेन जिल्ह्यात, बेतवा नदीकाठच्या खडकाळ टेकडीवर ते उभे आहे. भोजेश्वर या नावानेही ते ओळखले जाते. आतले शिवलिंग भारतातल्या सर्वांत मोठ्या शिवलिंगांत गणले जाते आणि बहुतेक लोक ते पाहायलाच येतात. पण या मंदिराचे खरे मोल त्याच्या अपुरेपणात आहे. पुऱ्या झालेल्या मंदिरात बांधकामाच्या खुणा पुसल्या जातात. उतार काढून टाकतात, खाणी बुजतात, दगडांवरच्या खुणा तासून निघतात, आराखडे नाहीसे होतात. भोजपूरला काम थांबले ते तसेच राहिले. त्यामुळे हजार वर्षांपूर्वीचे बांधकाम तिथे जवळजवळ चालू स्थितीत पाहायला मिळते.

भोपाळच्या टी. टी. नगरपासून हे ठिकाण साधारण तीस किलोमीटरवर आहे. टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या सेनानीचे नाव मिरवणारी ही वसाहत भोपाळ राजधानी झाल्यावर वाढली. १९५६ साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, तेव्हा जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुराहून, अनेक सरकारी नोकर इकडे आले. त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. इथून भोजपूरला जाताना वाट होशंगाबाद रस्त्याने निघते. या रस्त्याला ज्या गावाचे नाव आहे (ते गाव आता नर्मदापुरम म्हणून ओळखले जाते), ते माळव्याच्या होशंगशाहाच्या नावाने वसले होते. भोजपूरच्या कथेत हा सुलतान पुन्हा येणार आहे.

राजा भोजाची कारकीर्द साधारण १०१० ते १०५५ अशी धरली जाते. त्याची राजधानी धार. मराठी वाचकाला तो कालिदासाच्या आणि दरबारातल्या कवींच्या गोष्टींतून ओळखीचा आहे, पण गोष्टींपलीकडचा भोजही तितकाच मोठा आहे. काव्यशास्त्र, व्याकरण, योग, वास्तुविद्या अशा अनेक विषयांवरचे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. महाराष्ट्राशी त्याचे नाते लढाईचे होते. १०२० सालच्या त्याच्या ताम्रपटात कोकणविजयाच्या उत्सवानिमित्त दिलेल्या दानाची नोंद आहे. त्याचा चुलता मुंज गोदावरी ओलांडून कल्याणीच्या चालुक्यांवर चालून गेला आणि दुसऱ्या तैलपाच्या कैदेत पडून तिथेच मारला गेला. या मृत्यूचा भोजपूरच्या मंदिराशी संबंध असावा असे काही अभ्यासकांना वाटते. त्याचा विचार पुढे येतो.

मंदिर उंच जोत्यावर आहे. जोते सुमारे ३५ मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि ४ मीटर उंच. त्यावर एकच मोठे चौकोनी गर्भगृह आहे. त्याची प्रत्येक बाजू बाहेरून सुमारे २० मीटर आणि आतून सुमारे १३ मीटर भरते. म्हणजे भिंतींची जाडीच साडेतीन मीटरांच्या घरात जाते. पुढे मंडप नाही. त्यामुळे पश्चिमेकडे तोंड असलेला दरवाजा एकदम समोर येतो. तो जवळजवळ १० मीटर उंच आहे. दोन्ही बाजूंना गंगा आणि यमुना यांच्या मूर्ती आहेत. भारतातल्या मंदिरांत गर्भगृहाचा दरवाजा बहुधा लहान असतो. भक्त मंडपातून पुढे सरकतो, उजेड कमी होत जातो आणि शेवटी खाली वाकून अंधाऱ्या गाभाऱ्यात डोकावतो. भोजपूरला तसे काही नाही. जोत्याच्या पायऱ्या चढून गेले की आतले लिंग उघड्या प्रकाशात दिसते.

लिंग सुमारे २.३ मीटर उंच असून त्याचा घेर ५.४ मीटर आहे. ते एकाच दगडातून घडवलेले आहे. त्याची चकाकी इतकी चांगली उतरली आहे की घडवणाऱ्यांनी हे काम अर्धवट सोडले नाही, एवढे तरी नक्की कळते. ज्या चौकोनी पीठावर ते बसवले आहे त्याची बाजू साडेसहा मीटरांच्या आसपास आहे. जमिनीवर उभे राहून लिंगाच्या माथ्यापर्यंत हात पोचत नाही, म्हणून पूजेसाठी शिडी लावावी लागते. उत्तरेकडच्या भिंतीतून अभिषेकाचे पाणी बाहेर पडण्यासाठी मकराच्या मुखाचा प्रणाल काढलेला आहे. बाहेरून पाहिले तर एरवी साध्या असलेल्या भिंतीवर हीच एक ठळक कोरीव वस्तू दिसते.

भिंतींचा हा साधेपणा लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळच्या मंदिरांच्या बाह्यभिंती कोन आणि खाचांनी भरलेल्या असतात आणि त्यांवर देवकोष्ठे, सुरसुंदरी, थरांवर थर येतात. खजुराहोचे कंदारिया महादेव मंदिर साधारण याच काळातले, पण त्याच्या भिंतीवर मोकळी जागा सापडत नाही. भोजपूरच्या भिंती सरळ उभ्या आहेत. उत्तर, दक्षिण आणि पूर्व अशा तिन्ही बाजूंना जाड घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांवर, तोललेले सज्जे आहेत, पण त्यांच्यापर्यंत ना आतून वाट आहे ना बाहेरून. ते केवळ शोभेचे. शोभेच्या सज्ज्याला इतका भार पेलणारे घोडे दिले, यावरून या मंदिरात कुठलीही गोष्ट लहान ठेवायची नाही, असाच घडवणाऱ्यांचा हेतू दिसतो.

आत चार खांब लिंगाभोवती उभे आहेत. ते अष्टकोनी असून सुमारे १२ मीटर उंच आहेत. त्यांच्या माथ्यावरच्या घोड्यांवर शिव-पार्वती, ब्रह्मा आणि शक्ती, राम-सीता, विष्णू-लक्ष्मी अशी दांपत्ये कोरली आहेत. या खांबांवर घुमटाकार छत चढत जाते. कमानी घुमटात पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटून उभे राहतात. इथली रीत वेगळी आहे. दगडांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे काढायचा, वर्तुळ आकसत न्यायचे आणि शेवटी माथ्यावर झाकणशिळा बसवायची. दगड पुढे झुकतो, पण मागच्या बाजूला त्यावर पुरेसे वजन असेल तर पडत नाही. सगळे गणित या मागच्या वजनाचे असते. भोजपूरच्या छतावर कोरीव काम पुष्कळ झाले आहे, पण मधला भाग उघडा राहिला. शिखर चढलेच नाही.

मंदिराच्या मागच्या बाजूला, पूर्वेकडे, मातीचा मोठा उतार अजून आहे. मंदिर जसे वर जाई तसा असा उतार उंच करत नेत आणि त्यावरून शिळा ओढून वरच्या थरांपर्यंत पोचवत. काम संपले की माती उपसून टाकायची. इतर ठिकाणी अशा उताराविषयी तर्क करावा लागतो. तंजावरच्या बृहदीश्वराचा शिखरावरचा दगड मैलोगणती लांबीच्या उतारावरून चढवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे, पण तो उतार आज पाहायला मिळत नाही. भोजपूरला तो डोळ्यांसमोर आहे. त्यावरून चालत गेले की भिंतीच्या वरच्या थरांशी माणूस येऊन उभा राहतो आणि मोठे दगड कुठून, कुठल्या कोनातून आत सरकवले असतील हे अंगाने समजते.

आसपास खाणी आहेत. मंदिराचा वालुकाश्म याच टेकडीतून काढलेला. काही खाणींत अर्धवट घडवलेले खांबांचे तुकडे आणि इतर भाग पडून आहेत. त्यावरून एक गोष्ट ठरते की दगड घडवायचे काम बहुतांशी खाणीपाशीच होत असे. ओबडधोबड शिळा ओढण्यापेक्षा फाजील दगड आधीच तासून टाकला की तेवढे वजन वाचते.

बांधलेल्या दगडांवर १३०० पेक्षा जास्त खुणा आढळल्या आहेत. वर्तुळ, चक्र, त्रिशूळ, स्वस्तिक, शंख, नागरी अक्षरे अशी ही चिन्हे आहेत. कुणी किती काम केले याचा हिशेब ठेवण्यासाठी माणसाच्या, कुटुंबाच्या किंवा पाथरवटांच्या गटाच्या त्या खुणा असाव्यात. मंदिर पुरे झाले असते तर शेवटच्या घासणीत त्यांतल्या बऱ्याच नाहीशा झाल्या असत्या. राजाच्या नावाचे मंदिर ज्यांच्या हातांनी उभे राहिले, त्या हातांची नोंद इथे राहिली ती काम थांबले म्हणून.

पण भोजपूरचा सर्वांत मोठा ठेवा मंदिराच्या भिंतीत नाही, बाहेरच्या खडकांत आहे. मंदिराभोवतीच्या सपाट कातळावर शिल्पींनी बांधकामाचे आराखडे कोरून ठेवले आहेत. मंदिराचे तलविन्यास, खांब, अर्धस्तंभ, दरवाजे, शिखराचे भाग, भिंतीच्या थरांच्या कडा असे त्यांचे विषय. काही रेखाटने लहान प्रमाणात आहेत, तर काही प्रत्यक्ष मापात. प्रत्यक्ष मापाच्या रेखाटनाचा उपयोग सरळ होता. खडकावर खांबाच्या थराची कड नेमकी आखली की तिच्यावरून साचा करता येई आणि वेगवेगळ्या हातांनी घडवलेले शेकडो दगड एकाच मापात उतरत. आज जसे कारखान्यात नकाशावरून सुटे भाग बनतात, तसे इथे कातळावरून बनत होते. भारतात मध्ययुगीन मंदिरांची मोजदाद हजारांनी आहे, पण बांधकामाचे आराखडे एवढ्या संख्येने एकाच जागी मिळण्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

या आराखड्यांत मंडप दिसतात आणि उभ्या असलेल्या मंदिराशी न जुळणारे मंदिरांचे भागही दिसतात. म्हणजे इथे एकच गाभारा बांधायचा नव्हता. योजना मोठी होती, मंडपांसह अनेक इमारतींचे संकुल उभारायचे होते. ती पुरी झाली असती तर देशातल्या सर्वांत मोठ्या मंदिरसमूहांत तिची गणना झाली असती.

या खडकांचे आणखी एक महत्त्व आहे. भोजाच्या नावावर ‘समराङ्गणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरचा ८३ अध्यायांचा संस्कृत ग्रंथ आहे. नगररचना, घरे, राजवाडे, मंदिरे, मूर्ती, चित्रकला, यंत्रे एवढे विषय त्यात आले आहेत. त्याची छापील प्रत टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाने १९२४-२५ मध्ये दोन खंडांत बडोद्याहून, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये निघाली. सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने चालवलेल्या मालेतून परमार राजाचा हा ग्रंथ पुन्हा विद्वानांच्या हाती आला. ग्रंथात मंदिरांचे प्रकार आणि त्यांची प्रमाणे श्लोकांत सांगितली आहेत. नुसत्या श्लोकांवरून मंदिर डोळ्यांपुढे आणणे अवघड. ब्रिटिश अभ्यासक ॲडम हार्डी यांनी या ग्रंथातली वर्णने आणि भोजपूरची रेखाटने शेजारी ठेवून अभ्यास केला आणि वर्णनांवरून मंदिरांची चित्रे काढून दाखवली. त्यांचे पुस्तक २०१५ साली प्रसिद्ध झाले. शास्त्र सांगणारा ग्रंथ आणि ते राबवणाऱ्या कारागिरांच्या रेषा, दोन्ही एकाच राजाशी निगडित, असा योग दुसरीकडे सहसा येत नाही.

याच ग्रंथात भूमिज शिखरांचा स्वतंत्र अध्याय आहे. भूमिज शिखरात चारही बाजूंच्या मध्यावर एकेक उभा नक्षीदार पट्टा जातो आणि मधल्या जागांत लहान लहान शिखरांच्या ओळी मजल्यामजल्याने चढतात. माळव्यात या शैलीचे उत्तम उदाहरण म्हणजे विदिशा जिल्ह्यातल्या उदयपूरचे उदयेश्वर. ते भोजानंतरच्या उदयादित्याने बांधले. पण ही शैली मराठी माणसाला परकी नाही. अंबरनाथचे १०६० सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर, सिन्नरचे गोंदेश्वर आणि नाशिक जिल्ह्यातलेच झोडग्याचे माणकेश्वर ही सारी भूमिज शिखराची मंदिरे आहेत. माळवा आणि महाराष्ट्र एकमेकांशी लढत होते, पण सूत्रधार आणि पाथरवट एकच बांधणी जाणत होते. अंबरनाथ किंवा सिन्नर पाहिलेल्याने भोजपूरचे खडक पाहिले, तर अशा शिखरांमागे आखणीचे किती काम असते हे त्याच्या ध्यानात येईल.

भोजपूरवर मात्र कसले शिखर येणार होते, यावर मतभेद आहेत. मंडप नसलेला मोठा चौकोनी गाभारा, सरळ भिंती आणि छताचा घाट पाहून कृष्ण देव या कलेतिहासकारांनी वेगळा विचार मांडला. मधुसूदन ढाकी यांना एका जुन्या ग्रंथाचा त्रुटित भाग सापडला होता. त्यात मृत पूर्वजाच्या स्मरणार्थ बांधायच्या ‘स्वर्गारोहण प्रासादा’चे वर्णन आहे आणि अशा मंदिरावर उंच वक्र शिखराऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी चढणारे छप्पर सांगितले आहे. कृष्ण देव यांच्या मते भोजपूरचे मंदिर या जातीचे असावे आणि भोजाने ते वडील सिंधुराज किंवा चुलता मुंज यांच्या शांतीसाठी बांधले असावे. शत्रूच्या कैदेत मेलेल्या मुंजासाठी एवढे स्मारक, हे अनुमान मनाला पटते. त्याला शिलालेखाचा पुरावा नाही, हेही तितकेच खरे. लोकपरंपरा याहून साधी आहे. मंदिर पांडवांनी बांधले आणि कुंती इथे पूजा करी, असे गावकरी सांगतात.

काम का थांबले, याचीही अशीच अनेक उत्तरे आहेत. भोजाच्या शेवटच्या वर्षांत परमार राज्य चहूकडून संकटात होते. कल्याणीच्या पहिल्या सोमेश्वराने धार लुटली. पुढे गुजरातचा पहिला भीम आणि कलचुरी राजा कर्ण एकत्र येऊन माळव्यावर उतरले आणि त्याच धामधुमीत १०५५ च्या सुमारास भोज मरण पावला. पैसा आणि माणसे दोन्ही आटल्यावर एवढे काम चालू राहणे शक्य नव्हते. दुसरे मत बांधकामातल्या चुकीचे आहे. पुरातत्त्व खात्याच्या भोपाळ मंडळाचे अधीक्षक राहिलेले के. के. मुहम्मद यांच्या मते छताच्या भाराचा हिशेब चुकल्याने ते बांधतानाच कोसळले असावे. पुढे झुकणाऱ्या थरांच्या मागे वजन कमी पडले तर काय होते, हे वर आलेच आहे. पण एकदा छत पडले तर ते पुन्हा का घेतले नाही, याचे उत्तर शेवटी राज्याच्या पडझडीतच शोधावे लागते.

मंदिराइतकेच मोठे काम भोजपूरला पाण्याचे झाले होते. इथल्या टेकड्यांच्या रांगेत दोनच खिंडी होत्या. एक सुमारे १०० यार्डांची, दुसरी ५०० यार्डांची. दोन्ही धरणे बांधून बंद केल्या. मधे मातीचा भराव आणि दोन्ही अंगांना चुन्याशिवाय बसवलेल्या प्रचंड शिळा, अशी ही बांधणी. दगड एवढे घट्ट जुळवले की पाणी झिरपू नये. जुन्या गॅझेटियरमध्ये एका धरणाची उंची ४४ फूट आणि दुसऱ्याची २४ फूट दिली आहे, तर तलावाचा विस्तार सुमारे २५० चौरस मैल सांगितला आहे. विल्यम किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने १८८८ साली या अवशेषांवर लेख लिहिला.

तलावाची दंतकथा अशी की भोजाला दुर्धर रोग जडला आणि ३६५ झऱ्यांचे पाणी असलेल्या तलावात स्नान केल्यास तो बरा होईल असे त्याला सांगण्यात आले. बेतवेच्या खोऱ्यात ३५९ झरेच भरले. तेव्हा कालिया नावाच्या गोंड नायकाने एक लपलेली नदी दाखवली, तिच्या उपनद्यांसह आकडा पुरा झाला आणि तिला कलियासोत नाव मिळाले. कलियासोत आजही वाहते. भोपाळच्या मोठ्या तलावाचे जादा पाणी भदभदा धरणाच्या दरवाजांतून तिच्यात येते आणि पुढे भोजपूरजवळ बेतवेला मिळते. दंतकथेचा भाग बाजूला ठेवला तरी एक खोरे आडवून दुसऱ्याचे पाणी त्यात आणण्याची कल्पना तिच्यात स्पष्ट आहे.

पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने धरण फोडले. गोंडांच्या परंपरेप्रमाणे सैन्याला धरण तोडायला तीन महिने लागले, तलाव रिता व्हायला तीन वर्षे लागली आणि तळ वस्तीजोगा व्हायला तीस वर्षे. त्या तळावर आज गावे आणि शेते आहेत. औद्योगिक वसाहत म्हणून माहीत असलेले मंडीदीप हे त्या जलाशयातले बेट होते, असे सांगतात. धरणाचे दगडी तुकडे नदीकाठी अजून दिसतात.

शिवमंदिराजवळच एक जैन मंदिर आहे आणि तेही अपुरे आहे. त्यात शांतिनाथांची सुमारे सहा मीटर उंचीची उभी मूर्ती आहे. मूर्तीच्या लेखात भोजदेवाचे नाव येते. म्हणून स्थळाचा काळ ठरवताना या जैन मूर्तीची साक्ष मोलाची ठरते. इथेही मोठे दगड चढवण्यासाठी उतार वापरल्याच्या खुणा आहेत.

भोजपूरपासून सुमारे सहा किलोमीटरवर आशापुरी आहे. प्रतिहार आणि परमार काळातल्या वीसहून अधिक मंदिरांची जोती तिथे एका तलावाकाठी आढळली आहेत. मंदिरे पूर्ण ढासळली असून कोरीव दगडांच्या राशी उरल्या आहेत. एकेक दगड मोजून, त्याची जागा ओळखून मंदिरांचे मूळ रूप मांडण्याचे काम अलीकडच्या वर्षांत झाले आहे. भोजपूरला मंदिर बांधताना दिसते आणि आशापुरीला सुटे झालेले. दोन्ही मिळून या खोऱ्यातल्या बांधणीची तीन-चार शतके डोळ्यांखालून जातात. त्याही आधीची माणसे भीमबेटक्याच्या गुहांत चित्रे काढत होती. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली त्या जगापुढे आणल्या आणि त्या भोजपूरहून फार दूर नाहीत.

मंदिर १९५१ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आले. उघड्या माथ्यातून पावसाचे पाणी शतकानुशतके आत येत होते. २००६-०७ मध्ये मुहम्मद यांच्या देखरेखीखाली मोठी दुरुस्ती झाली. छताच्या उघड्या भागावर मूळ घाटाशी मिळता फायबरग्लासचा भाग बसवून पाणी थांबवण्यात आले. नाहीसा झालेला एक खांब नव्याने एकाच दगडातून घडवण्यात आला. त्याचे वजन सुमारे १२ टन. एवढ्या उंचीपर्यंत पोचणारी क्रेन मिळेना, तेव्हा कप्प्या आणि तरफा लावून तो चढवण्यात आला आणि त्याला सुमारे सहा महिने लागले. अकराव्या शतकातल्या पाथरवटांची अडचण आधुनिक अभियंत्यांना अशी प्रत्यक्ष अनुभवावी लागली.

मंदिरात पूजा चालू आहे. मकरसंक्रांत आणि महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते आणि भोपाळ, मंडीदीप, औबेदुल्लागंज इथून लोक येतात. बेतवेच्या पलीकडच्या काठावर पार्वतीची गुहा आहे, तिथेही भाविक जातात. मार्च २०२४ मध्ये भोजेश्वर महादेव मंदिराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या भारतातर्फे दिलेल्या तात्पुरत्या यादीत झाला. कातळावरच्या रेखाटनांभोवती कठडे आहेत, पण ती उघड्यावर आहेत आणि ऊन, पाऊस, पायांची रहदारी यांनी रेषा झिजत जातात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात त्या चांगल्या दिसतात, भर दुपारी खडकावर काही कोरले आहे हे ओळखूही येत नाही. मंदिर पाहायला जाणाऱ्याने गाभाऱ्यातून बाहेर आल्यावर कठड्यांपाशी थोडा वेळ काढावा, खांबाची एखादी रेषा बोटाने न गिरवता नजरेने वर न्यावी आणि मग तोच घाट मंदिराच्या खांबांत शोधावा.